ठिबकच्या झडपांसाठी ड्रायव्हर चिप निवडताना

परभणीजवळच्या आमच्या शेतातील ठिबकच्या चार झडपा मायक्रोकंट्रोलरने (छोट्या संगणक-चिपने) उघडायच्या ठरल्यावर पहिला प्रश्न ड्रायव्हर चिपचा, म्हणजे छोट्या संकेतावर झडपेचा मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या चिपचा आला, कारण अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि आमच्या १२ व्होल्टच्या सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या) झडपेला सुमारे ३०० मिलिअँपिअर लागतात. यूएलएन२००३ या चिपमध्ये सात डार्लिंग्टन जोड्या (एकमेकांना जोडलेले दोन-दोन ट्रान्झिस्टर) असतात, प्रत्येकीची क्षमता ५०० मिलिअँपिअर असते आणि कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज आवरणारे डायोडही आतच असतात. फक्त कॉमन पिन १२ व्होल्टला जोडावी लागते. कागदावर हे पुरेसे वाटते. मात्र प्रत्येक जोडीवर साधारण एक व्होल्ट पडत असल्याने चारही झडपा एकत्र उघडल्यास चिपमध्ये सव्वा वॉटच्या आसपास उष्णता निर्माण होते, आणि मे महिन्यात विहिरीवरची पत्र्याची पेटी आधीच भट्टीसारखी तापलेली असते. झडपा एकामागून एक उघडायच्या असतील तर ही चिप खुशाल वापरावी. एकत्र उघडायच्या असल्यास माझी पसंती आयआरएलझेड४४एन या मॉसफेटला (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरला) आहे, कारण तो गेट या नियंत्रण पिनवरील पाच व्होल्टमध्येच नीट चालू होतो व एवढ्या प्रवाहाला जवळजवळ तापत नाही. दुकानदाराने त्याऐवजी आयआरएफ५४० पुढे केल्यास घेऊ नये, कारण त्याला गेटवर दहा व्होल्ट हवे असतात. मॉसफेट वापरताना उसळणारा व्होल्टेज आवरायला प्रत्येक कॉइलला १एन४००७ डायोड उलट्या दिशेने जोडावाच लागतो.