ऑफसेटचं पान

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये त्या दिवशी नोकरीच्या उमेदवारांची ट्रायल होती. विमानाच्या सुट्या भागांचं थोडं काम नव्याने मिळालं होतं आणि त्यासाठी सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर, सेटर हवा होता, मशीनचं सेटिंग करणारा. इन्स्पेक्शन माझ्याकडे असल्याने उमेदवारांचे जॉब, म्हणजे त्यांनी मशीनवर केलेले भाग, तपासायचं काम माझं.

आलेल्यांत बहुतेक डिप्लोमावाली पोरं. एक मामा मात्र पंचेचाळिशी ओलांडलेले, खानापूर तालुक्यातले. फाउंड्रीच्या कास्टिंगवर मशिनिंग करणाऱ्या एका शॉपमध्ये उभी हयात गेलेली. आधी साध्या लेथवर, नंतर सीएनसीवर. मुख्य काम फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाला लागणाऱ्या जड चाकाचं. बेळगावात हे सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, म्हणजे फ्लायव्हीलही नाही. त्यांच्या शॉपमधल्या ऑर्डरी कमी होत चालल्या होत्या आणि ओव्हरटाइम बंद झाला होता.

जॉब सोपाच होता. ॲल्युमिनियमचा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, बाहेरचा व्यास ४० एच७ (लहान एच), म्हणजे ३९.९७५ ते ४०.००० मिलिमीटर. प्रोग्रॅम तयार होता. पहिला पीस मुद्दाम थोडा मोठा येईल असं सेटिंग ठेवलं होतं, कारण पुढे उमेदवार काय करतो तेच बघायचं होतं.

मामांनी पीस काढला, मायक्रोमीटर लावला. ४०.०१२. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. जॉब परत चकमध्ये धरला, स्पिंडल फिरवला, खिशातला पॉलिश पेपर काढला आणि दोन बोटांनी असा काही फिरवला की मी बघत राहिलो. पुन्हा मापलं तर ३९.९९२. मी स्वतः तीन ठिकाणी मापून पाहिलं, सगळीकडे तेच. असा हात आता फार थोड्यांकडे उरलाय.

आणि तो पीस मला रिजेक्ट करावा लागला.

"सर, जॉब ओके हाय की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवल होतं.

मी त्यांना बाजूला बसवून सांगितलं. ॲल्युमिनियम मऊ, पॉलिश पेपरचे कण त्यात रुतून बसतात. त्याहून मोठी अडचण कागदाची. या कामात प्रत्येक पीस कुठल्या बारमधून आला, कुठल्या मशीनवर, कुठल्या क्रमाने झाला, याची नोंद असते. पुढे कधी भाग निकामी झाला तर तीच नोंद उघडतात. प्रोसेस शीटवर, म्हणजे कामाच्या त्या नोंदीच्या कागदावर, नसलेली गोष्ट जॉबला झाली तर माप बरोबर असूनही तो भाग विमानात जात नाही.

"मग काय करायचं होतं?"

"मशीनच्या स्क्रीनवर वेअर ऑफसेटचं पान असतं, हत्यार किती सरकवायचं ते सांगायचं. तिथे एक्समध्ये, म्हणजे व्यासाला, वीस मायक्रॉन, म्हणजे ०.०२० मिलिमीटर, कमी घालायचे आणि फिनिशिंग कट परत घ्यायचा. शीटवर लिहायचं."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "ते पान मी कधी उघडलंच न्हाई. चावी सेटरकडं असतीया. आमी जॉब लावायचा, काढायचा."

मला सगळ्यात लागलं ते हे. साध्या लेथवर हा माणूस अख्खा कारागीर होता. सीएनसी आल्यावर त्याच्या कामाचे दोन तुकडे झाले. विचार करायचा तुकडा सेटरकडे गेला आणि उचलाठेव याच्याकडे राहिली. पगार चालू होता, म्हणून इतकी वर्षं ते टोचलंही नाही. आपल्या भागातल्या कितीतरी शॉपमध्ये असे ऑपरेटर आहेत. बाजार बदलला की पहिला फटका त्यांनाच बसतो, आणि त्यात त्यांच्या हाताचा काहीही दोष नसतो.

जागा एका डिप्लोमावाल्या पोराला मिळाली. त्याचा पहिला पीस स्क्रॅप झाला, पण त्याने तो लाल डब्यात टाकून शीटवर कारण लिहिलं, आणि दुसरा पीस ऑफसेट देऊन मापात आणला. निवड योग्यच होती. तरी मालकांना मी सांगितलं, नोंद ठेवायला या मामांना काही आठवड्यांत शिकवता येईल, पण त्यांच्यासारखा हात त्या पोराचा व्हायला वर्षं लागतील. मालकांनी मामांना ट्रेनी म्हणून घ्यायची तयारी दाखवली. पगार मात्र आहे त्याहून कमी. घरी मुलीचं कॉलेज चालू होतं. त्यांनी हात जोडून नको म्हटलं.

जाताना मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, उद्यमबागेतच सरकारी टूल रूम आहे, जीटीटीसी. तिथे सीएनसीच्या छोट्या कोर्सची चौकशी करा. दुसरी जास्त महत्त्वाची. नोकरी सोडू नका, पण उद्या कामावर गेल्यावर सेटरला म्हणा, तू ऑफसेट देताना मला शेजारी उभं राहू दे.

त्यांनी तिसरी गोष्ट आपणहून मागितली. आमच्या प्रोसेस शीटचा एक कोरा नमुना. तो मी मालकांना विचारून दिला.

पुढे काही महिन्यांनी बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका व्हेंडरकडे, म्हणजे भाग पुरवणाऱ्या शॉपमध्ये, ऑडिटला गेलो तर सेकंड शिफ्टचे सेटर म्हणून तेच समोर आले. शॉप बदललं होतं, पगार थोडा वाढला होता. मी शीट मागितली. पहिल्या पीसचं माप, दिलेला ऑफसेट, वेळ, सही, सगळं होतं. शेरा मराठीत होता, तो तेवढा इंग्रजीत लिहायला सांगून मी पुढच्या मशीनकडे वळलो.