३४० मिलिअँपिअर सापडले, दिवा अजून राहिलाय

मंडळी, माझी पांढरी गाडी उभ्या उभ्या बॅटरी उतरवत होती; तिचा करंट कुठं मुरत होता ते एकदाचं सापडलं. मीटरवरचा आकडा ०.३४ वरून ०.०२ अँपिअरवर येऊन थांबला तेव्हा मी बॉनेटखालीच एवढ्या जोरात ओरडलो की वरच्या गॅलरीतून काकूंनी विचारलं, "काय रे, शॉक बसला काय?"

बॅटरी नवी आहे आणि अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतोय, हे मागच्या वेळी सांगितलंच होतं. म्हणजे चार्जिंगचा प्रश्न नव्हता. गाडी उभी असताना काहीतरी करंट खात होतं. ०.३४ अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाला आठ अँपिअर-अवर जातात, आणि आपली बॅटरी ३५ ची. दोन दिवसांत निम्मी उतरते, तिसऱ्या दिवशी सेल्फ नुसता कण्हतो. अशा गाडीचा उभ्यानं खाल्लेला करंट ५० मिलिअँपिअरच्या आत हवा.

छळलं ते या गोष्टीनं की हा खेळ रोज होत नव्हता. उन्हात दोन-तीन दिवस उभी राहिली तरी एका सेल्फला चालू. गगनबावड्याकडून पावसातून आलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बॅटरी बसलीच. एका दुकानदारानं "बॅटरीच खराब लागली, बदलून घ्या" म्हणून सांगितलं, तेही मीटर न लावता. एका वायरमनच्या मते डॅशबोर्डवर मिचमिचणारा लाल सिक्युरिटी दिवाच बॅटरी खातो. अजिबात नाही. तो एलईडी फार तर काही मिलिअँपिअर घेतो. चावी काढल्यावर त्यानं सावकाश मिचकणं हे त्याचं कामच आहे.

आता पद्धत, कारण इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर सिरीजमध्ये लावला की सगळे कंट्रोलर एकदा बंद होऊन पुन्हा जागे होतात, आणि मूळ दोष तेवढ्यापुरता गायब होऊ शकतो. म्हणून आधी बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपासून गाडीच्या बॉडीपर्यंत एक जाड वायर जोडायची, मग निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं, पोस्ट आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर लावायचा आणि शेवटी ती वायर काढायची. उघड्या दरवाजाचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं बंद स्थितीत ढकलून ठेवायचं, म्हणजे गाडीला दरवाजा बंद वाटतो, रिमोटनं गाडी लॉक करायची आणि निदान अर्धा तास हात लावायचा नाही. मीटर सिरीजमध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.

फ्यूज उपटत बसलो नाही. दुसरा मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना प्रोब लावले. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजमधून ०.३४ अँपिअर वाहत असेल तर दोन-अडीच मिलिव्होल्ट दिसतात. मला सगळीकडे शून्य! बॉनेटखालचा बॉक्स शून्य, डॅशखालचा बॉक्स शून्य. आणि सिरीजमधल्या मीटरवर ०.३४ तसाच.

याचा अर्थ एकच. करंट फ्यूज बॉक्समधून जातच नाही. बॅटरीच्या प्लसवरून कुणीतरी थेट वायर ओढली आहे. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी बुचातून आत जाणारी, टेपनं गुंडाळलेली एक बारीक लाल वायर मिळाली. ती धरून डॅशखाली शिरलो तर आधीच्या मालकानं बसवलेला अलार्म आणि सेंट्रल लॉकिंगचा किट. त्याचा सेल्फ कापणारा रिले बोटाला कोमट लागला. तासाभरापूर्वी लॉक केलेल्या गाडीत रिले कोमट! मला तिथंच उत्तर मिळालं होतं.

पण रिले ओढून का धरलाय? या किटला बॉनेटजवळ एक पिन स्विच असतो. बॉनेट उघडलं की पिन वर येते, वायर अर्थ होते आणि युनिटला कळतं. मी तर बॉनेट उघडंच ठेवून मोजत होतो, म्हणून पिन झिपटायनं घट्ट दाबून बांधली. आकडा हलला नाही. स्विचची वायर उपटली, तसा ०.३४ चा ०.१७ झाला. स्विच उघडून पाहिला तर आत तांबडा ओला गंज. पावसाचं पाणी साचलं की पिन दाबलेली असतानाही वायर अर्थ होत होती. अलार्मला कायम बॉनेट उघडं वाटायचं आणि तो झोपायचाच नाही. पावसाचं कोडं तिथं सुटलं.

उरलेल्यातले ०.१५ सायरनमध्ये. त्याच्या आत स्वतःचे चार्जिंगचे सेल असतात, चोरानं बॅटरीची वायर कापली तरी वाजावा म्हणून. ते फुगून, पांढरी पूड धरून बसले होते आणि अखंड चार्जिंग ओढत होते. सायरनचा प्लग काढला आणि ०.०२! आता महिनाभर उभी राहिली तरी चिंता नाही.

साधनांबद्दल एक सांगतो. क्लॅम्प मीटर (वायर न सोडता तिच्याभोवती अडकवून करंट मोजणारा) घेणार असाल तर डीसी करंट मोजतो का ते खात्रीनं बघा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, गाडीला त्यांचा काही उपयोग नाही.

आता दिवा. अलार्मचा नाही, कंपनीच्या इमोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचा), चावीच्या चित्राचा. चावी ऑन केल्यावर तो दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. अधूनमधून सेल्फ मारताना तो भराभर मिचकतो आणि इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडतं. यावर "रिमोटचा सेल बदल" हा सल्ला सगळीकडून येतो. चावीतल्या चिपला सेल लागतच नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलच्या १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवरच ती जागी होते.

माझा संशय अर्थिंगवर. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर १०.६ व्होल्ट मिळतात, हे उत्तम. पण निगेटिव्ह पोस्ट ते इंजिन ब्लॉक मोजलं तर ०.९ व्होल्ट! तिथं ०.२ च्या वर नको. थिंबलखाली (केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीखाली) हिरवा गंज दिसतोच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात २५ स्क्वेअर एमएमची केबल घेऊन समोर थिंबल दाबून घ्यायची. असं काम तिथल्याइतकं चोख मला कुठं मिळालेलं नाही.

हे लिहिता लिहिता आत्ता एक सुचलं. दादाची गाडी मी मधूनमधून नेतो, तेव्हापासून तिची चावी माझ्याच जुडग्यात आहे. तिच्यातही चिप आहे. दोन चिप एका कॉइलजवळ आल्या तर वाचन गडबडतं. आणि मिचकणं सुरू झालं तेही साधारण तेव्हापासूनच!

तेव्हा उद्याचं उद्यमनगर पुढं ढकलतोय. दोन्ही एकदम बदललं तर दोष नेमका कशाचा ते कधीच कळणार नाही. आधी आठवडाभर पांढरीची चावी एकटीच वापरतो, केबलला हात लावत नाही. दिवा गप्प राहिला तर चिप, नाही राहिला तर केबल. केबल तशीही बदलणारच आहे, ०.९ बघून झोप लागत नाही. कुणाकडे जुन्या किटचा पाणी न शिरणारा पिन स्विच पडून असेल तर कळवा, सायरन मात्र मी परत बसवणार नाही.