मनगटावरची जागा

२०१५ साली ॲपलचे पहिले घड्याळ बाजारात आले, तेव्हा रोज चार्जिंगला लावावी लागणारी ती काळी चौकोनी काच कोणी हौसेने मिरवील, असे मला वाटले नव्हते. आज मात्र विरारच्या जलद लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून उभा असताना, खिशातला फोन न काढता घरचा निरोप मनगटावरच वाचता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचा रक्तप्रवाह टिपून ते नाडीही मोजते. २०१८च्या ‘सिरीज ४’ या घड्याळापासून तर ईसीजीही काढता येऊ लागला. स्मार्टवॉच रुजेल ते यामुळेच. देखणेपणाबद्दल मात्र माझे मन अजून मानत नाही: लग्नकार्याला मी वडिलांचे किल्लीचे एचएमटीच बांधतो.