निघालो वाइन बघायला, रमलो बेदाण्याच्या शेडवर

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या पलूसचा वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांची वसाहत, बघायचा म्हणून निघालो. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर राज्यात असे दोन पार्क उभे राहिले, नाशिककडे विंचूर आणि आपल्याकडे पलूस. चूक माझीच झाली, आधी फोन न करता गेलो. फाटकावरच्या दादांनी पाणी दिलं, आत मात्र सोडलं नाही. वर सल्ला दिला, "तासगावकडं जावा की, बेदाण्याचं काम जोरात हाय."

ओळखीतून एका छोट्या शेडचा पत्ता मिळाला. मालकांनी नाव लिहू नका म्हटलंय, म्हणून लिहीत नाही. तशी त्या पट्ट्यात शेडांची कमी नाही. लोखंडी सांगाडा, आत मजल्यावर मजले तारेच्या जाळ्यांचे, बाजूंनी हिरवं शेडनेट. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात द्राक्षं बुडवून काढतात. त्यानं सालीवरचा मेणाचा थर मऊ पडतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग सावलीत साधारण दोन आठवडे. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा. मधेच अवकाळी आला की संपलंच.

मी मात्र अडकलो ते निवडणीच्या टेबलापाशी. दहा-बारा बायका, आणि त्यांच्यात एक तरुण, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. हिरवा, पिवळा, काळा असा माल वेगळा करताना त्याची बोटं थांबतच नव्हती. "ऐकू येत नाही म्हणून नजर तेज असणार," असं मी शहाणपणानं बोललो. शेजारच्या मावशींनी तिथंच कापलं, "तसलं काय नसतंय. तिसरा हंगाम हाय त्याचा. हात बसलाय."

देठ काढायचं मशीन सुरू करण्याआधी बाकीच्यांना हाक मारली तरी पुरते. त्याच्यासाठी टेबलासमोर लाल बल्ब लावलाय. बल्ब पेटला की तो हात मागे घेतो आणि मानेनंच "चालू करा" म्हणतो. टेबलाच्या टोकाला एका ताईंचा पाय पोलिओनं गेलेला. त्यांच्या बाजूचे टेबलाचे पाय वीतभर कापलेत, बसूनच काम होतं. खर्च किती आला विचारलं, तर मालक हसले, "बल्बचा, आन् सुताराच्या चहाचा."

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत, अशा शेडवर तसलं काही बंधन नाही. पण फार कौतुकही करवत नाही. काम हंगामापुरतं, एप्रिल सरला की टेबल रिकामं. पुढं काय, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "पुढं घर हाय की." बायकांची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, पुरुषांपेक्षा कमी, हे त्यांनीच सांगितलं, मालकांसमोर.

आता जाणाऱ्यांसाठी. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हाच काळ. रेल्वेनं येणार असाल तर किर्लोस्करवाडीला उतरा, सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, आधी बघून घ्या. तिथून पलूस जवळ, पुढं तासगावला एसटी किंवा वडाप, म्हणजे शेअर जीप. सकाळी लवकर जा. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत कामगारांना प्रश्न विचारत बसणं बरं नव्हे. पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात. दमा असेल तर त्या खोलीकडे फिरकू नका, माझा घसा संध्याकाळपर्यंत खवखवत होता. फोटो विचारून काढा. त्या तरुणाशी बोलायचं तर समोर उभं राहून बोला, मागून खांद्यावर थाप मारू नका. मी मारली, तो दचकला आणि हातातलं सूप कलंडलं.

रिकाम्या हातानं परतू नका. सुटा माल मूठभर चाखून घ्या. दाणा दाबल्यावर चिकट लागला तर ओला आहे, डब्यात टिकत नाही. खीर-शिऱ्याला लहान दाणाही चालतो, स्वस्त पडतो.

वेळ उरला तर तासगावात पटवर्धनांच्या गणपती मंदिराचं सात मजली गोपूर बघा, थेट दक्षिणेत गेल्यासारखं वाटतं. मी पाच मिनिटंच थांबलो. सांगलीची एसटी लागली होती आणि पिशवीत दोन किलो बेदाणा होता, त्यातला किलोभर त्या तरुणानं निवडलेला. शेडवर पैसे घेताना त्यानं वजनकाट्याकडे बोट दाखवलं होतं. मी नीट बघितलं नव्हतं, माल पन्नास ग्रॅम जास्तच भरला होता.