नव्या सेटचा ९ नंबर पेटीत परत, जुन्या ८ नंबरला नवी नोकरी

गोल्फच्या सरावात चटईवर जमलेलं सगळं गणित काळ्या जमिनीनं उधळून लावलं. मागच्या नोंदीतला हिशोब असा: नव्या कॅव्हिटी बॅक (पाठ पोकळ, वजन कडेला) आयर्न सेटचा ७ नंबर, चटईवर २० चेंडू, फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, खूण उमटावी म्हणून व्हाइटबोर्ड मार्करचा थर. त्यातले ६ चेंडू फेसच्या टोकाकडं लागले होते, तरी सगळे एका पट्ट्यात पडले. जुन्या सेटच्या ब्लेडवर (पोकळी नसलेल्या पातळ आयर्नवर) असे फटके हाताला झिणझिण्या आणतात आणि वीस-वीस पावलं मागं पडतात. आखाजीनंतर हाच ७ नंबर पडीक रानात नेला, तर २० पैकी ९ थिन, म्हणजे क्लबची धार थेट चेंडूच्या पोटावर. चेंडू गुडघ्याच्या वर उठायला तयार नाहीत. ९ नंबर आणि पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब) त्याहून वाईट.

फेसवरच्या खुणा बोलक्या आहेत. डावी-उजवी चूक हा सेट खरंच पोटात घालतो. पिंग या क्लब कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम यांनी वजन मधून काढून कडेला नेण्याची जी युक्ती रुजवली, ती इथं चोख काम करते, कारण चेंडू कडेला लागला तरी क्लबचं डोकं कमी फिरतं. पण खाली-वरची चूक ही वेगळी भानगड आहे. ती कॅव्हिटीच्या नाही, सोलच्या, म्हणजे क्लबच्या तळाच्या, ताब्यात असते.

दोन्ही सोल मोजले. जुन्या ब्लेडच्या ७ नंबरचा सोल १७ मिमी रुंद, बाउन्स (सोलची मागची बाजू धारेपेक्षा किती खाली, तो कोन) ३ अंश. नव्याचा २४ मिमी आणि ६ अंश. मऊ हिरवळीवर ही रुंदी देवासारखी धावून येते. क्लब चेंडूच्या दोन बोटं मागं टेकला तरी रुतत नाही, घसरत पुढं जातो. वैशाखातली आपली काळी मात्र रुतूच देत नाही. वर फरशीसारखा कडक पापुद्रा, खाली भेगा. रुंद सोल आधी जमिनीला लागतो, उसळतो, आणि पुढची धार ८-१० मिमी वर येते. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिमी, म्हणजे त्याची कंबर जमिनीपासून जेमतेम २१ मिमीवर. धार त्या कमरेकडं सरकली की चेंडू सरपटणारच. ब्लेडची अरुंद धार त्याच चुकीत पापुद्रा फोडून आत शिरायची. फटका फॅट (चेंडूआधी माती) व्हायचा, पण थिन नाही.

मग चटईवर हे का दिसलं नाही? चटईचे तंतू चेंडूला सुमारे सेंटिमीटरभर उचलून धरतात. सोल मागं टेकून घसरला तरी धारेला चेंडूखाली शिरायला जागा मिळते. आवाजही गोड येतो. चटईवर आयर्न पारखून पैसे मोजणं म्हणजे खळ्यावर बैल पळवून बघणं आणि नांगराला जुंपणं.

म्हणजे दोष निम्मा सोलचा आणि निम्मा स्विंगच्या सर्वांत खालच्या बिंदूचा. हा बिंदू कुठं पडतो ते कळायला जमिनीची तयारी लागते आणि इथंच तीन दिवस गेले. कोरड्या भेगाळ जागेवर डिव्हट, म्हणजे क्लबनं उखडलेला मातीचा तुकडा, निघतच नाही, नुसता ओरखडा उठतो. सकाळी पाणी मारून तासाभरात क्लब चालवला, तर सोलला चिखलाचा लगदा चिकटला आणि फेसवरच्या खाचा बुजल्या. चेंडूला फिरकी नाही, नोंदीला अर्थ नाही. जमलं ते असं: ३ फूट बाय ६ फुटांचा पट्टा, पऱ्हाटीची खुंटं उपटून सपाट केलेला. संध्याकाळी त्यावर ४ बादल्या पाणी, झारीनं आणि तीन हप्त्यांत. एकदम ओतलं तर सगळं भेगांतून खाली जातं. रात्रभर मुरू द्यायचं, आणि सकाळी मूठभर माती दाबून बघायची. गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, म्हणजे वाफसा. पेरणीला जो वाफसा, तोच डिव्हटला.

पट्ट्यावर फक्कीची आडवी रेघ. चेंडूशिवाय १० स्विंग, दर वेळी रेघेवर चार बोटं सरकून. डिव्हट रेघेच्या पुढच्या बाजूला, म्हणजे निशाणाकडं, सुरू व्हायला हवा. निकाल: १० पैकी ६ डिव्हट रेघेच्या १ ते २ इंच मागं. चटईनं महिनाभर झाकून ठेवलेली चूक ती हीच.

त्यावर ठिबकच्या १६ मिमी लॅटरलचा हातभर तुकडा कामाला येतो. तो चेंडूमागं एक वीत अंतरावर आडवा टाकायचा आणि क्लब त्याला न लागू देता फटका मारायचा. चार बोटांवर टाकला तर चांगला फटकाही त्याला अडतो, कारण तिथं क्लब तेवढा खाली आलेलाच असतो. काडी किंवा लाकडी पट्टी नको, उडून लागते. लॅटरल मऊ असते, क्लबला ओरखडाही येत नाही. चेंडू एका चेंडूएवढा मागं घेतला, वजन पुढच्या पायावर ६० टक्के ठेवलं, आणि दोन सकाळींत रेघेमागचे डिव्हट १० पैकी २ वर आले. कोरड्या भागावरचे थिन ९ चे ४ झाले. ७ नंबरपुरतं हे पास.

९ नंबर आणि वेज मात्र हट्टाला पेटलेले. त्यांचा सोल आणखी रुंद, शिवाय फटका जास्त खडा. पहिला बेत होता सोलची मागची कड घासून घेण्याचा. दीड मिमी घासली की मागची कड जमिनीला उशिरा लागते. पण घासणीत ६ ते ८ ग्रॅम जातात. डोक्यावरचे २ ग्रॅम म्हणजे स्विंगवेटचा (फिरवताना डोकं किती जड भासतं त्या मापाचा) एक अंक, म्हणजे डी१ चा थेट सी७ च्या आसपास. ते वजन शिशाच्या पट्टीनं कॅव्हिटीत भरून काढावं लागणार (राउंडच्या आधी लावलेली पट्टी नियमाला चालते, राउंड चालू असताना वाढवता किंवा काढता येत नाही). दुसरा बेत लोफ्ट, म्हणजे फेस मागं कलल्याचा कोन, वाकवण्याचा. लोफ्ट १ अंश कमी केला की बाउन्सही १ अंश कमी होतो. पण हा सेट १७-४ स्टेनलेसचा, ओतीव. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) कार्बन स्टीलसारखा तो वाकत नाही. अंश-दीड अंशापुढं जोर लावला की होझल, म्हणजे दांडा बसतो ती नळी, तडकण्याची भीती. सगळं वाकवून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला आधी धातू कोणता ते विचारा. उत्तर आलं नाही, तर क्लब काखोटीला मारून बाहेर पडा.

शिवाय वेजचा लोफ्ट आणखी कमी करणं म्हणजे दुखण्यावर डाग. नव्या सेटचे लोफ्ट आधीच कडक, म्हणजे कमी अंशांचे, आहेत: ७ नंबर २९ अंश, ८ नंबर ३३.५, ९ नंबर ३८, पिचिंग वेज ४३. पुढचा क्लब थेट ५६ अंशांचा वेज. मधे १३ अंशांचा खड्डा. तो कसा बुजवायचा, हा प्रश्न मागच्या नोंदीपासून लोंबकळत होता.

हे आकडे जुन्या सेटच्या आकड्यांशेजारी लिहिताना ट्यूब पेटली. जुना ८ नंबर ३८ अंश, ९ नंबर ४२.५, पिचिंग वेज ४७. म्हणजे नवा ९ आणि जुना ८ एकाच लोफ्टचे! क्लबवरचा नंबर हे निव्वळ नाव आहे. काय भो, घासायचं कशाला? नवे ९ आणि पिचिंग वेज पेटीत, जुने ८, ९ आणि पिचिंग वेज बॅगेत. लांब आयर्न चूक माफ करणारी, छोटी आयर्न अरुंद सोलची. छोट्या लोफ्टेड क्लबवर कॅव्हिटीची मदत तशीही कमी लागते. सोलचा त्रास मिटतो आणि ४७, ५२, ५६ अशी शिडी लावून खड्डाही बुजतो.

लांबीही नशिबानं जुळली. नवा ८ नंबर ३६.७५ इंच, जुना ८ नंबर ३६.५, मग ३६ आणि ३५.५. कापाकापी नाही. शाफ्टच्या (दांड्याच्या) वजनात फरक आहे: नवे ९५ ग्रॅमचे, जुने १२० चे. छोट्या क्लबला जड शाफ्ट चालतो, उलटं असतं तर अडचण होती. सगळे क्लब सराफाच्या काट्यावर तोलून घेतले. जळगावात राहण्याचा एवढा तरी फायदा.

लायची, म्हणजे दांडा जमिनीशी करतो त्या कोनाची, तपासणी उरकली. चेंडूच्या मागच्या बाजूला मार्करची उभी रेघ काढून फटका मारायचा, रेघ फेसवर उमटते. तिचं वरचं टोक फेसच्या टोकाकडं झुकलं तर क्लब जास्त उभा, हीलकडं (दांड्याच्या बाजूला) झुकलं तर जास्त आडवा. नवे चारही किंचित उभे निघाले. अर्ध्या अंशासाठी १७-४ ला हात लावायचा नाही. जुने तिन्ही सरळ.

बॅगेत आता दोन ८ नंबर झाले, त्यामुळं जुन्या आकड्यांतला रंग ॲसिटोननं काढून लाल नेलपॉलिश भरलं. टाचणीच्या टोकानं थेंब सोडायचा, दहा मिनिटांनी वरचं कापडानं पुसायचं, आकडा तेवढा लाल राहतो. देखणं दिसतं हो. वाळवायला बॅग मात्र उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. या दिवसांत तिथली भट्टी शाफ्टच्या एपॉक्सीला आणि ग्रिपच्या टेपला सोसत नाही.

क्लबची मोजदाद: ड्रायव्हर, ३ वुड, ४ हायब्रिड, नवे ५ ते ८, जुने ८, ९ आणि पिचिंग वेज, ५२, ५६, पटर. तेरा. चौदाव्या जागेवर ५ वुड की आणखी एक वेज, हे ठरायचंय. ५२ अजून घ्यायचा आहे. सेकंड-हँडच घेऊ, पण फोटोत सोल आणि खाचा जवळून दाखवल्याशिवाय नाही. त्याचा बाउन्स ८ की १२, हे मृगाचे दोन पाऊस पडून काळी चिकट झाली की याच पट्ट्यावर दोन्ही उसने आणून बघायचं.