उजेड दिसतोय का?

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेच्या समितीचं पत्र हातात पडलं आणि पहिली आठवली ती आपल्या वेल्डिंग शॉपची खिडकी. संस्थेचा इतिहास, प्राचार्य, क्रीडादिन, रेल्वे रुळांपलीकडची ती वडापावची गाडी, यावर बाकीचे लिहितीलच. मला आपल्या वेल्डिंगच्या सरांबद्दल लिहायचं आहे, आणि सरांबद्दल लिहायचं म्हणजे पातळ पत्र्याबद्दल लिहायचं.

प्रमाणपत्रावर आपल्या ट्रेडचं नाव 'संधाता' असं छापलेलं असतं. आम्ही सगळे वेल्डर म्हणायचो, ठाण्याच्या बाजारात तर टिगलाही, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशाने टंगस्टनच्या टोकाने केलेल्या वेल्डिंगलाही, सरसकट 'आर्गन' म्हणतात. सर मात्र संधाताच म्हणत. त्यांच्या मते आपलं काम सांधायचं, वितळवणं त्यातला थोडासा भाग. तेव्हा हा शब्दांचा आग्रह वाटला होता. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा पुढ्यात आला त्या दिवशी तो आग्रह कळला.

भर पावसाळा होता. १.२ मिलिमीटरचा पत्रा झाला होता, ०.८ झाला होता. त्या सकाळी सरांनी ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे ०.५ मिलिमीटरचे तुकडे वाटले, १५० लांब आणि ५० रुंद, कडेला कड लावून जोडायचे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या बॅचच्या पत्र्यांची चाळण झाली होती. प्रत्येकाने तोच उपाय केला, करंट कमी. २० अँपिअरवरून १५, १५ वरून १२. भोकं थांबली नाहीत, उलट आर्क, म्हणजे टंगस्टनच्या टोकाशी पेटलेली विजेची ज्योत, भरकटायला लागला. त्याचं कारण सरळ आहे. करंट फार खाली आणला की पडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, तयार व्हायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात उष्णता आजूबाजूला पसरते आणि दोन्ही कडा आपापल्या वेगळ्या वितळतात.

सरांनी मशीनला हात लावला नाही. कोरे दोन तुकडे उचलले, कडेला कड भिडवून खिडकीसमोर धरले आणि विचारलं, "उजेड दिसतोय का?" दिसत होता. केसाएवढी रेघ, मधोमध थोडी रुंद. "मग भोक आधीच पडलंय. तुम्ही ते फक्त मोठं केलंत."

शिअरिंग मशीनवर कापलेल्या पत्र्याच्या एका बाजूला बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार किनार, राहते आणि कड किंचित खाली वाकते. दोन मिलिमीटरच्या पत्र्यात ते खपतं. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात फट जाडीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. वहीचा साधा कागद ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. मधे कागद सरकला, तर फट परवानगीच्या दुप्पट झाली. वितळलेला धातू पृष्ठताणामुळे गोळा व्हायला बघतो. कडा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर दोन्हींचं मिळून एकच डबकं होतं. फट असेल तर प्रत्येक कड स्वतःकडे मागे ओढली जाते, तिची जाडसर गोल किनार होते आणि मधे भोक उरतं. म्हणूनच अशा भोकाची किनार पत्र्यापेक्षा जाड लागते. आपण म्हणतो पत्रा जळला. प्रत्यक्षात धातू कुठे गेलेला नसतो, तो बाजूला सरलेला असतो.

मग दुपारभर वेल्डिंग बंद आणि फाइलिंग सुरू. दोन सरळ अँगलच्या मधे पत्रा दाबून व्हाइसमध्ये धरायचा, कड जेमतेम वर ठेवायची आणि बारीक सपाट फाइल कडेच्या लांबीने ओढायची. दोन-तीन हात पुरतात, जास्त मारले की कड मधे पोटाळते. बर आतल्या बाजूलाही बोट न लावता, फाइलच्या कोपऱ्याने काढायची. मग अ‍ॅसिटोनने पुसायचं, पावसाळ्यात तर पुसल्यावर लगेच काम करायचं, कारण आपल्या हवेत थंड पत्र्यावर दमट थर बसतो. आणि परत खिडकी. उजेडाची रेघ गेली की टॅक, म्हणजे कडा जागेवर धरून ठेवणारा छोटा टाका. त्या संध्याकाळी २० अँपिअरवर, सकाळच्याच सेटिंगवर, पहिला अखंड बीड, म्हणजे वेल्डची सलग रेघ, बसला. कुणाचा ते महत्त्वाचं नाही, पण सरांनी तो तुकडाही खिडकीला धरूनच तपासला.

टॅकचा क्रम सर आधी पाठ करून घेत. एका टोकाकडून सुरू करून सरळ दुसरीकडे गेलात तर लांबचं टोक कात्रीसारखं उघडतं किंवा एकावर एक चढतं. स्टेनलेस साध्या लोखंडाच्या साधारण दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता वाहून नेतं मात्र तिसऱ्या हिश्श्याने, त्यामुळे तापतो तो भाग तिथेच फुगतो. म्हणून आधी दोन टोकं, मग मध्य, मग मध्याचे मध्य, शेवटी दर १० ते १२ मिलिमीटरवर टॅक. टॅकला वितळवून भरायचा रॉड नको. करंट बीडपेक्षा थोडा जास्त आणि वेळ अर्ध्या सेकंदाहून कमी. प्रत्येक टॅकनंतर पत्रा लाकडी हातोडीने हलकेच सपाट करायचा, कारण एक कड वर आणि एक खाली राहिली की वरची कड आर्कला आधी भेटते आणि एकटीच वितळते.

तांब्याची पट्टी ही सरांची खास गोष्ट. स्टेनलेसची एक आणि तांब्याची एक, सारख्या मापाच्या दोन पट्ट्या दोन मुलांच्या हातात देऊन ते दुसरी टोकं गॅसच्या ज्योतीत धरायला लावत. तांबंवाला काही सेकंदांत पट्टी टाकून द्यायचा, स्टेनलेसवाला निवांत उभा. तांब्याची उष्णतावाहकता ३०४ च्या जवळजवळ पंचवीसपट. तीच पट्टी सांध्याखाली घट्ट दाबली की जादा उष्णता ती ओढून घेते आणि डबकं खाली पडायला जागा राहत नाही. आपल्या शॉपमधली पट्टी १० मिलिमीटर जाड होती, मधोमध ३ रुंद आणि जेमतेम पाऊण मिलिमीटर खोल खाच. त्या खाचेतून मागच्या बाजूला आर्गन सोडायचा, नाहीतर उलट बाजू काळी खडबडीत होते, जळलेल्या साखरेसारखी. पट्टी घट्ट दाबली नसेल तर तिचा काही उपयोग नाही, पत्रा मधे उचलला गेला की तिथे हवेचा थर आणि तिथेच भोक. आणि आर्क थेट तांब्याला लागू द्यायचा नाही, वितळलेलं तांबं स्टेनलेसच्या कणांमधे शिरलं तर भेगा पडतात.

टंगस्टन, म्हणजे हातात धरायच्या टॉर्चच्या तोंडाशी असलेली काडी, १ मिलिमीटरचं, निमुळतं टोक व्यासाच्या अडीच-तीनपट लांब. घासायचं लांबीच्या दिशेने. आडवं घासलेल्या टंगस्टनवर गोल चरे राहतात आणि कमी करंटला आर्क त्यांच्यावरून भटकतो. त्यासाठी चाक वेगळं, त्यावर लोखंड कुणी लावलेलं सर सहन करत नसत. तेव्हा लाल पट्टीचं थोरिएटेड, म्हणजे थोरियम मिसळलेलं, असायचं, त्याची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क सक्तीचा. आता सोनेरी किंवा करड्या पट्टीचं घ्यावं, कमी अँपिअरला ते सहज पेटतं. पडलमध्ये एकदा टेकलं की पुन्हा घासायचं, 'चालेल' नाही. काम सुरू करण्याआधी दहा टोकं तयार ठेवण्याची सवय त्यांनीच लावली.

स्टोअरमध्ये रॉड मिळायचा १.६ चा. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला १.६ चा रॉड म्हणजे रॉड वितळायला लागेल एवढ्या उष्णतेत पत्रा केव्हाच गेलेला. सर ३०८एल जातीची ०.८ ची मिग वायर, म्हणजे मिग मशीनच्या रिळावरची तार, हातभर कापून घेत, एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं हँड ड्रिलच्या चकमध्ये, किंचित ताण देऊन काही फेरे फिरवले की वायर सुईसारखी सरळ. रॉड भरायला तर लागतोच, पण पातळ कामात त्याचा मोठा उपयोग पडल थंड करायला होतो. पडल रुंद होऊन एकदम चकाकलं आणि मधे खळगा दिसला, की ते पडण्याच्या बेतात आहे. त्या क्षणी टॉर्च वर उचलायची नाही. उचलली की आर्क लांब होतो, व्होल्टेज वाढतं, उष्णता पसरते आणि गॅसचं छत्रही जातं. पुढे सरकायचं आणि रॉड टेकवायचा. आर्क १ मिलिमीटरच्या आसपास, टॉर्च उभ्या रेषेपासून १५ अंश मागे कललेली, मनगट टेकलेलं. पडलची रुंदी दोन-अडीच मिलिमीटरवर ठेवायची. हात बसावा म्हणून आधी आर्क न पेटवता अख्खी लांबी तीनदा फिरायला सर लावत. कोपर कुठे अडतं ते तेव्हाच कळतं.

गॅस मिनिटाला ६ ते ७ लिटर, पंखा बंद. मे महिन्यातही बंद. जास्त गॅस सोडला की तो घुसळतो आणि हवा आत ओढतो. शेवटी आर्क खाडकन तोडायचा नाही, करंट हळू उतरवत पाच मिलिमीटर बीडवरच मागे यायचं, नाहीतर शेवटच्या खळग्यात बारीक तडा राहतो. आर्क विझल्यावर सहा-आठ सेकंद टॉर्च तिथेच. बीड गव्हाळ-सोनेरी आला तर शाबासकी, निळा आला तर "वेग वाढव", करडा आला तर तुकडा भंगारात. सरावात भोक भरू देत नसत. "भरायला शिकलास तर पाडायची सवय लागेल," म्हणत. नवा तुकडा, नवी फाइल, परत खिडकी.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. रबाळ्याला माझा गाळा आहे, औषध कंपन्यांसाठी ट्रे, हॉपर, डक्ट, बहुतेक काम ०.८ आणि १ मिलिमीटरचं. एवढा गाळा उभा राहिला तो सरांमुळे, हे मी सगळ्यांना सांगतो. मुलाखतीला येणारी मुलं पल्सबद्दल, म्हणजे करंट ठोक्याठोक्याने वरखाली करण्याबद्दल, छान बोलतात. पल्स चांगलाच आहे. शिखर ४० अँपिअर, तळ १२, सेकंदाला दोन ठोके, शिखराचा वाटा ४० टक्के, एवढ्यावर ०.५ चा पत्रा बराच सांभाळला जातो, कारण दोन ठोक्यांच्या मधे पडलला थिजायला वेळ मिळतो. पण कड कशी तयार केली विचारलं की मुलं माझ्याकडे बघत राहतात. आता हातात धरायचं लेसर आलं आहे. त्याचा झोत इतका बारीक की फट त्याला आर्कपेक्षाही कमी खपते. मशीन जितकं नवं, तितकी सरांची खिडकी जास्त लागणार.

गेल्या वर्षी संस्थेत आलो तेव्हा ती खिडकी दिसली नाही. तिच्यावर फळी मारून समोर कपाट लावलं आहे. नवी मशीन आली, शॉप रंगवलं, त्याचा मला आनंदच आहे, पण त्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि पोटात तुटलं. समितीला माझी विनंती आहे की महोत्सवाच्या खर्चात ते कपाट दुसऱ्या भिंतीला न्यावं. तोवर माझ्या गाळ्यात करतो तसं करता येईल: कापण्याच्या टेबलाशेजारी डोळ्यांच्या उंचीवर एक ट्यूबलाइट आडवी लावायची, आणि टॅक मारण्याआधी प्रत्येक जोड तिच्यासमोर धरायचा.

या लेखाबरोबर शॉपसाठी ०.५ मिलिमीटरचे दोनशे तुकडे आणि खाच पाडलेल्या दोन तांब्याच्या पट्ट्या पाठवतो आहे. तुकड्यांच्या कडा मुद्दाम फाइल केलेल्या नाहीत. पट्ट्या कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, त्यांना तेल लावू नये.