काळी दोनमधलं फंक: ‘सुपरस्टिशन’ बँडवर बसवताना

पेटीवर काळी दोनचा सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवा. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानीचे पाच स्वर. अमेरिकन गायक-वादक स्टीव्ही वंडरच्या ‘सुपरस्टिशन’ या फंक (ठेक्यावर उभं असलेलं नाचरं संगीत) गाण्याचा मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, जवळजवळ पूर्णपणे याच पाच पट्ट्यांवर आहे. चलन धानीचं नाही, त्यामुळे रागाच्या वाटेला जाऊ नका. पण मुंबईत पेटीवर हात बसवून मग कीबोर्डकडे वळलेल्यांना पाश्चात्य नोटेशनमधले पाच फ्लॅट-सहा फ्लॅट (कोमल स्वरांच्या खुणा) मोजत बसण्यापेक्षा हे गाणं असं लवकर सापडतं.

गाणं १९७२ चं. स्टीव्ही तेव्हा २२ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत रॉबर्ट मार्गुलेफ आणि माल्कम सेसिल हे दोघे त्यांचा ‘टोन्टो’ नावाचा अवाढव्य सिंथेसायझर घेऊन त्याच्यासोबत काम करत होते. ड्रम्स स्टीव्हीने वाजवले, क्लॅव्हिनेट (तारांचं इलेक्ट्रिक कीबोर्ड वाद्य) त्यानेच वाजवलं, मूग सिंथवरचा बेसही त्याचाच, गळाही त्याचाच. बाहेरचे वादक दोनच: टेनर सॅक्सवर ट्रेव्हर लॉरेन्स आणि ट्रम्पेटवर स्टीव्ह मडायो. रेकॉर्डवर गिटार अजिबात नाही. हे शांतपणे ऐकून पाहा, कारण बहुतेकांना तो रिफ गिटारचाच वाटतो.

गंमत म्हणजे हे गाणं द्यायचं ठरलं होतं एका गिटारवाल्याला, जेफ बेकला. बेक स्टीव्हीच्या ‘टॉकिंग बुक’ या अल्बमवर वाजवायला आला, बदल्यात त्याला एक गाणं मिळणार होतं. पण बेकचा अल्बम लांबला आणि स्टीव्हीची रेकॉर्ड कंपनी मोटाउनने ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याचंच रेकॉर्ड बाजारात आणलं. जानेवारी १९७३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६३ नंतर स्टीव्हीचं हे पहिलंच अव्वल गाणं.

आता वाद्याकडे येऊ, कारण सगळी जादू तिथे आहे. लालबाग-गिरगावच्या मिरवणुकीतला बेंजो जवळून पाहिला असेल तर क्लॅव्हिनेट समजायला सोपं जातं. बेंजोत एका हाताने बटण दाबून तार अडवायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. क्लॅव्हिनेटमध्ये ही दोन्ही कामं एकच पट्टी करते. पट्टीखाली रबराचं छोटं टोक असतं. पट्टी दाबली की ते तारेला धातूच्या ठोकळ्यावर आपटतं, तार तिथे दाबलेली राहते आणि तिचा आवाज पिकअप उचलतात. तारेच्या दुसऱ्या टोकाला लोकर विणलेली असते. बोट उचललं की ती लोकर आवाज जागच्या जागी थांबवते. ६० पट्ट्या, ६० तारा.

जुनं क्लॅव्हिनेट कुठे विकायला दिसलंच तर प्रत्येक पट्टी सावकाश दाबून सोडा. सोडताना आवाज चिकटून येत असेल तर रबर विरघळलेलं आहे. मुंबईच्या दमट हवेत तारांचा गंजही तपासा. रबरं बदलायची तर साठही एकदम बदला. चार-पाचच बदलली तर नवी पट्टी टणक आणि जुनी बोथट वाजते.

आपल्याकडे बहुतेक वेळा कीबोर्डवरचा ‘क्लॅव्ह’ टोनच वापरावा लागतो. तो चालतो, पण सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं) काढून बाजूला ठेवा, रिव्हर्ब (घुमारा) शून्य करा आणि जमलं तर आवाज गिटार अँपमधून काढा. बोटं पट्टीवर रेंगाळली की फंक संपलं.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. रेकॉर्डवर क्लॅव्हिनेटचे अनेक थर एकावर एक वाजवलेले आहेत, काही डाव्या कानात, काही उजव्या. एकटा कीबोर्डवाला ते सगळे दोन हातांत आणायला जातो आणि नुसता चिखल होतो. उजव्या हाताने रिफ, डाव्या हाताने अधूनमधून खालच्या काळी दोनला टोचणी, एवढंच त्याचं काम. उरलेल्या फटी दुसऱ्या कीबोर्डला किंवा तारांचा आवाज दाबून वाजवणाऱ्या गिटारला द्या. गिटारच्या सहाही तारा अर्धा स्वर उतरवा, म्हणजे सगळ्यात खालची मोकळी तार हाच सा होतो. चार तारांच्या बेसचंही तेच. पाच तारांच्या बेसवर खालच्या बी तारेचा चौथा पडदा. स्लॅप नको, मूळचा सिंथ बेस गोल आणि जाड आहे, म्हणून टोनचं बटण उतरवून बोटांनी वाजवा.

ड्रम्सची लय मिनिटाला १०० मात्रांच्या आसपास. किक प्रत्येक मात्रेवर, स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर, इथवर सोपं आहे. हाय-हॅट मात्र सरळ चौपट नाही, तिच्यात झोल आहे: पूर्ण तिपटीचा नाही, दोन्हींच्या मधला. ढोलकीवाल्यांना हा झोल सांगावा लागत नाही. आधी ८० वर बसवा. १०० वर घाई झाली की झोल सरळ होतो आणि गाणं कवायतीसारखं वाटतं.

ब्रासवाल्यांच्या वाद्यांवर लिहिलेला स्वर आणि वाजणारा स्वर वेगळा असतो, म्हणून कागद देताना ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सला एफ मायनर लिहा, आल्टो सॅक्स असेल तर सी मायनर. ध्रुवपदाकडे जाताना कॉर्ड पंचमावरून कोमल धैवताला जातात, परत पंचमाला येतात, मग तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, पुन्हा पंचम आणि सा. शेवटचा सा सोडून सगळे डॉमिनंट सेव्हन्थ (मेजर कॉर्डला कोमल निषाद जोडलेले). इथे बेस आणि कीबोर्ड एका क्षणाने जरी चुकले तरी लगेच कळतं, म्हणून एवढा तुकडा वेगळा काढून घोटा.

या गाण्याला दोन ग्रॅमी मिळाले. बेकने १९७३ मध्ये त्याचं स्वतःचं जड रॉक रूप काढलं, पुढे स्टीव्ही रे व्हॉनने ते गिटारवर गाजवलं. बँडसाठी उपयोगी मात्र १९७३ चं ‘सेसमी स्ट्रीट’मधलं थेट वादन. पूर्ण बँडला हे गाणं कसं वाटून द्यायचं ते तिथे दिसतं. आणि शब्द समजून गा. फुटलेला आरसा, शिडी, तेराचा आकडा. आपल्याकडे दर शनिवारी दुकानाला नवं लिंबू-मिरची लागतं, मांजर आडवं गेलं की पाय थबकतो, तेच हे. ज्या महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध बोलल्याबद्दल डॉ. दाभोलकरांना जीव गमवावा लागला, तिथे या शब्दांना वजन आहे. गाणाऱ्याने ते हसत-खेळत उडवू नयेत.

शेवट आधीच ठरवून ठेवा. रेकॉर्डवर गाणं विरत जातं, त्यामुळे स्टेजवर कुठे थांबायचं ते कुणालाच माहीत नसतं आणि सगळे ड्रमरकडे बघत राहतात. ब्रासची ओळ चार वेळा घ्या, चौथीनंतर समेवर किक आणि काळी दोन एकत्र, आणि हात लगेच उचला.